कुत्र्यांना अहो म्हणणारे मास्तर

पहिल्याच तासाला मास्तरांनी मला गाडीत बसू दिलं नाही. त्यांच्या फारशूलेची, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलची, निळी गाडी दारात उभी होती. पुण्यात मिळवलेलं, पण जर्मनीत न चालणारं लायसन्स आणि बारा वर्षं गाडी चालवल्याचा तोरा घेऊन मी तिच्यापाशी उभी होते. मास्तर म्हणाले, "आधी पायी."

डार्मश्टाटमध्ये त्या दिवशी नोव्हेंबरचा बारीक, चिवट पाऊस पडत होता. आम्ही दोघं फुटपाथवरून पाऊण तास चाललो. दर कोपऱ्यावर ते थांबायचे आणि विचारायचे, "इथं तुम्ही कुठं बघाल?" मी बोट दाखवायची. "चूक. हे वीस पावलं मागे बघायला हवं होतं." की आम्ही वीस पावलं मागे. एका गोल चौकाला तर आम्ही चालत तीन फेऱ्या घातल्या. समोरच्या बेकरीतल्या बाईला हे दृश्य सवयीचं असावं. तिने काचेआडून मास्तरांना हात केला आणि माझ्याकडे दयेने पाहिलं.

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "माणूस विक्षिप्त आहे रे."

"मग दुसरा बघ ना."

मी दुसरा बघितला नाही. गाडी शिकवणारा माणूस रस्ता आधी चालायला का लावतो, हे मला कळून घ्यायचं होतं. ही चौकशी मला कुठे नेणार आहे याची तेव्हा कल्पना असती, तर कदाचित दुसरा बघितलाही असता. कारण मी कुत्र्यांना घाबरते. समोरून कुत्रं आलं की मी रस्ता ओलांडते, अजूनही.

मास्तर तेव्हा पासष्टीचे होते. उंच, किंचित वाकलेले, बारा महिने तेच तपकिरी जाकीट. त्याच्या एका खिशात गुंडाळलेली मोजपट्टी आणि दुसऱ्यात शिट्टी. ती शिट्टी मी त्यांना कधी वाजवताना ऐकलं नाही. "वाजवावी लागली तर आपलं काहीतरी चुकलं," असं ते म्हणायचे. ऑफिसच्या सोफ्यावर बेर्टा असायची. लांबलचक अंगाची, आखूड पायांची, सुखवस्तू कुत्री. चौथ्या तासाला मी पावती घ्यायला आत गेले, तेव्हा एक गृहस्थ आपला मोठा काळा कुत्रा घेऊन आले होते. मास्तर उठले, त्या कुत्र्यापुढे किंचित झुकले आणि म्हणाले, "नमस्कार. बसता का आपण?"

जर्मनमध्ये अनोळखी माणसाला जे आदरार्थी संबोधन वापरतात, तेच. आपल्याकडचं अहो-जाहो. मला वाटलं, गंमत करतायत. पण त्यांच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. कुत्रा बसला.

"तुम्ही कुत्र्यांना अहो म्हणता?" गाडीत मी विचारलं.

"ओळख नसताना एकदम अरे-तुरे कसं करणार? बेर्टाला मी अगं म्हणतो. तिची-माझी नऊ वर्षांची ओळख आहे. तुम्ही आरशात बघा."

पायी चालण्याचं कोडं मला हिवाळ्याच्या शेवटी उलगडलं. लायसन्स हातात पडलं त्या दिवशी मास्तरांनी मला एक कागद दाखवला. त्यावर पेन्सिलीने आकृती काढली होती: वीस अडथळे आणि त्यांच्यामधून नागमोडी जाणारी एक रेघ. हा कुत्र्यांचा खेळ आहे, ते म्हणाले. आडव्या पट्ट्यांवरून उड्या, कापडी बोगदा, ओळीने रोवलेल्या बारा काठ्यांमधून सळसळत जाणं, झुलती फळी आणि माणसाच्या छातीइतका उंच, अरुंद फळीचा पूल. त्या पुलाच्या दोन्ही टोकांना पिवळा पट्टा रंगवलेला असतो. कुत्र्याने उतरताना त्या पिवळ्यावर पाय ठेवायचाच, वरून उडी मारायची नाही. माणूस सोबत धावतो, पण कुत्र्याला हात लावत नाही. फक्त सांगतो. आणि स्पर्धेआधी सगळी माणसं कुत्र्याशिवाय तो मार्ग चालून पाहतात, कुठे काय सांगायचं ते ठरवत.

"कुत्रा हवेत असताना त्याला उजवीकडे म्हणून काय उपयोग?" मास्तर म्हणाले. "तो उडायच्या आधी सांगायचं. कुत्रा कधी उशीर करत नाही. उशीर आपण करतो." मग माझ्याकडे बघून, "जुलैत आठवडाभर काय करताय?"

ओडेनवाल्डच्या टेकड्यांमध्ये एका शेतकऱ्याचं गवत कापलेलं कुरण त्यांनी आठवड्यासाठी मागून घेतलं होतं. लोकांनी आपापल्या वोनवागेन, म्हणजे राहायच्या गाड्या, घेऊन सुट्टीला यायचं, रोज एकच धाव लावायची आणि उरलेला दिवस पाय पसरून बसायचं. बुधवारी खेळ बंद, कुत्र्यांनी ओढ्यात डुंबायचं. सहा दिवसांत जो पहिला येईल त्याला बक्षीस एवढंच, की पुढच्या वर्षीच्या पहिल्या दिवसाचा मार्ग त्याने आखायचा.

"पण माझ्याकडे कुत्रा नाही."

"गेनाऊ! अगदी बरोबर, म्हणूनच. लिहायला कुणीतरी तटस्थ पाहिजे."

पहिल्या वर्षी अकरा गाड्या आल्या. मी टेबलाशी बसून लिहायचे. परीक्षक मास्तर. त्यांनी उघडा पंजा वर केला की चूक, मूठ वर केली की कुत्र्याने अडथळा नाकारला. मी फक्त त्यांच्या हाताकडे बघायचं आणि कागदावर खूण करायची. कुत्रा काय करतो ते बघणं माझं काम नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. सामान सगळं घरी बनवलेलं होतं. काठ्या म्हणजे नळाचे पाइप, पूल म्हणजे बांधकामावरच्या फळ्या. बोगदा लहान मुलांच्या खेळण्यातला होता आणि तो जमिनीला बांधायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. एक धष्टपुष्ट लॅब्राडोर आत घुसला तो बोगदा अंगावर घेऊनच बाहेर पडला आणि तसाच शेतकऱ्याच्या मक्यात शिरला. आम्हाला अर्धा तास फक्त हलणारा मका दिसत होता.

त्या वर्षी मास्तरांनी एक नियम केला. कुरणावर कुत्र्यावर कुणी ओरडलं, तर त्याने स्वतः बोगद्यातून रांगत जायचं. बँकेतले एक साहेब गेले. दोन बहिणी एकापाठोपाठ एक गेल्या. शुक्रवारी बेर्टा बोगद्याच्या तोंडाशी आडवी झाली आणि उठेना, तेव्हा मास्तरच ओरडले, "बेर्टा, अगं ऊठ की आता!" सगळ्या माना मास्तरांकडे वळल्या. मास्तरांनी जाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवलं, गुडघ्यांवर बसले आणि आत गेले. बेर्टा त्यांच्या मागोमाग गेली. बोगद्यातून ती गेल्याची ती एकमेव वेळ.

दुसऱ्या वर्षी गाड्या दुपटीहून जास्त झाल्या. बोगद्याला वाळूच्या पिशव्या लागल्या. ड्रेस्डेनहून उटे नावाची पन्नाशीची एक बाई यायला लागली. मोजकं बोलणारी, तिचा कुत्रा पिक्स तिच्याहून मोजकं भुंकणारा. हेर्त्सोगेनआउराखहून यान नावाचा एक तरुण आला, त्याची काळी-पांढरी कुत्री विजेसारखी पळायची. लोक घरी जाताना एकमेकांचे नंबर घेऊ लागले.

आणि मग तिसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत मास्तरांनी ड्रायव्हिंग स्कूल अचानक बंद केलं.

मी फोन केला. "पुरे झालं," एवढंच म्हणाले. जुलैत मला विचारलं, कुरणावर घेऊन जाल का. मी त्यांना आणि बेर्टाला माझ्या गाडीतून नेलं. ते शेजारी बसून नेहमीसारखे सूचना देत होते, पण पूर्वी वाकून वाकून आरसे बघणारा माणूस आता सीटला टेकून बसला होता. मला वाटलं, वय झालं.

त्या वर्षी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. घरी एकटीला कंटाळा येईल म्हणून मी त्यांनाही नेलं. पांढरी टोपी, साडीवर स्वेटर, पायात नातीचे जुने बूट. पहिल्या दिवशी त्यांनी घडीच्या खुर्चीत बसून सगळं नीट बघून घेतलं.

"अगं, एवढी चाळीस कुटुंबं सुट्टी काढून कुत्र्यामागे पळायला आलीत?"

"हो आई."

"आणि ते तुझे मास्तर त्या पांढऱ्या कुत्र्याला काय म्हणाले?"

"‘या, आपलं स्वागत आहे.’"

आईंनी त्या कुत्र्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. पाहुणाच तो."

आठवडा रंगत गेला. गुरुवारपर्यंत उटे आणि यान बरोबरीत होते. पिक्स अकरा वर्षांचा झाला होता. या उन्हाळ्यानंतर त्याच्या उड्या बंद करायच्या, असं डॉक्टरने सांगितलं होतं. ते उटेने कुणालाच सांगितलं नव्हतं, फक्त मला, तेही नाव नोंदवताना, वयाच्या रकान्यावर बोट ठेवून. "एकदा तरी मार्ग आखावा असं वाटतं," ती म्हणाली. तिच्याकडून मी ऐकलेलं ते सगळ्यात लांब वाक्य.

शुक्रवारी शेजारच्या शेतात गवताच्या गठड्या बांधायला ट्रॅक्टर आला होता. दिवसभर त्याची घरघर चालू होती. उटे आणि पिक्स धावले, एकही चूक नाही. मग यानची कुत्री सुटली. पुलावर चढली, तीन ढांगांत पलीकडे पोचली आणि पिवळ्या पट्ट्याच्या हातभर वरूनच तिने झेप घेतली. मला कुत्र्याकडे बघायचं नव्हतं, पण मी बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. लोकांमधून "ओह" असा आवाज उठला.

मास्तरांचा हात खालीच होता.

मी पेन धरून थांबले. हात वर झाला नाही. मी कागदावर शून्य लिहिलं. वेळ कमी म्हणून यान पहिला, उटे दुसरी. परीक्षकाचा निर्णय अंतिम, त्यावर वाद घालायचा नाही, हा नियम सगळ्यांना ठाऊक होता. उटेने पिक्सच्या गळ्यात पट्टा घातला आणि ती आपल्या गाडीकडे निघून गेली. यान कुत्रीला शाबासकी देत होता, पण मान खाली घालून.

पाच वाजता आम्ही तंबूत चहा घेत होतो. आई म्हणाल्या, "तुझे मास्तर बघत नाहीत गं. ऐकतायत."

"म्हणजे?"

"कुत्रं समोर आलं की ते मान वाकडी करतात. पक्ष्यासारखी. तुझ्या सासऱ्यांचं शेवटी असंच झालं होतं. ताटाच्या मधली भाजी दिसायची नाही, कडेची चटणी दिसायची. मला म्हणायचे, आज भाजी वाढली नाहीस का. डोळ्याच्या पडद्याचा आजार तो. आज त्या ट्रॅक्टरपुढे त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून हात वर झाला नाही."

मी चहा तसाच ठेवला. सोमवारपासूनचा त्यांचा प्रत्येक इशारा मी लिहिला होता. शंभराच्या वर धावा. त्यातलं काय खरं होतं?

शनिवारी सकाळी सातला मास्तर एकटेच कुरणावर होते. पावलं मोजत शेवटच्या दिवसाचा मार्ग मांडत होते. बेर्टा दवात भिजत मागे. मी वाटेत ठरवलेली सगळी जर्मन वाक्यं विसरले.

"काल पुलावर चूक झाली होती," मी म्हटलं. "तुम्हाला दिसली नाही."

ते थांबले. "कधी कळलं?"

"काल संध्याकाळी. माझ्या सासूबाईंनी ओळखलं."

"त्यांना जर्मन येतं?"

"नाही."

"आल्झो, असं आहे तर," ते म्हणाले, "म्हणूनच. बाकीचे सगळे मी काय बोलतो ते ऐकत बसतात."

ते पुलाच्या फळीवर टेकले. फेब्रुवारीत डोळ्यांच्या डॉक्टरने त्यांना चौकटींचा कागद दाखवला होता. मधल्या रेघा वाकड्या दिसल्या. त्याच दिवशी त्यांनी निळी गाडी दवाखान्याच्या बाहेर सोडली आणि बसने घरी आले. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.

"गाडी एका दिवसात सोडली," ते म्हणाले. "हे सोडवेना. मी स्वतःला सांगितलं, रस्त्यावर माणूस मरतो. इथं कोण मरतं?"

"उटेचा कुत्रा पुढच्या वर्षी धावणार नाही," मी म्हटलं. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

बेर्टाने त्यांच्या बुटावर हनुवटी ठेवली. मास्तरांनी विचारलं, "तुम्ही काल काय लिहिलंत?"

"शून्य. तुमचा हात वर नव्हता."

"बरोबर केलंत." आणि मग, हळू, "तुमचं बरोबर होतं."

दहा वाजता रोज सगळे जमायचे. मास्तर मधोमध उभे राहिले. त्यांनी कसलीही प्रस्तावना केली नाही.

"माझे डोळे गेले आहेत. मधलं दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं. फेब्रुवारीपासून मला ठाऊक आहे आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. काल मी पुलावरची एक चूक पाहिली नाही. या आठवड्यात आणखी काय काय पाहिलं नाही, ते मला माहीत नाही. सगळे निकाल रद्द."

मग कासेलहून आलेला एक माणूस उठला. मंगळवारी त्याच्या कुत्र्याला मास्तरांनी नकाराची मूठ दाखवली होती आणि तेव्हाच त्याने तोंड वाकडं केलं होतं. "आम्ही वर्षातली एकुलती एक सुट्टी इथे घालवली," तो म्हणाला. "तुम्हाला लाज वाटायला हवी."

"वाटते," मास्तर म्हणाले.

तो माणूस गेला. त्याच्यामागोमाग आणखी दोन गाड्या गेल्या. वोनवागेन गाडीला जोडण्याचे आवाज येत होते आणि आम्ही सगळे ते ऐकत बसलो होतो. ती तीन कुटुंबं पुन्हा कधी आली नाहीत. मास्तरांनी नंतर तिघांनाही पत्रं लिहिली. उत्तर एकाचंच आलं, तेही दोन ओळींचं.

यान उठला. "माझी कुत्री वरूनच उडाली होती. मला माहीत होतं. मी पण बोललो नाही."

आता पुढे काय, हे कुणालाच कळत नव्हतं. मास्तरांच्या जागी उभं राहायला कुणी तयार होईना. शेवटी उटे उभी राहिली. तिला इतक्या लोकांसमोर बोलताना कुणी पाहिलं नव्हतं.

"अडथळे वीस आहेत," ती म्हणाली. "माणसं सत्तर आहेत. प्रत्येक अडथळ्याशी एक माणूस उभा करा. त्याने तेवढंच बघायचं. आज एकच धाव, शून्यापासून."

आणि तसं झालं. ज्याची पाळी नसेल तो अडथळ्याशी. लिहायला मी, वीस हातांकडे बघत, मान दुखेपर्यंत. पुलाच्या पिवळ्या पट्ट्याशी कुणाला ठेवायचं यावर थोडी चर्चा झाली. तिथे कुत्रा नसलेलं, कुणाच्याच बाजूचं नसलेलं माणूस हवं होतं. मी आईंना समजावलं, "पिवळ्यावर पाय पडला पाहिजे. नाही पडला तर हात वर."

"एवढंच ना?" आई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, खुर्ची पुलाच्या टोकाशी ओढून घेतली आणि दिवसभर तिथून हलल्या नाहीत. त्यांना कुत्र्याची भीती आहे की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

मास्तर कुरणाबाहेर बेर्टाशेजारी बसले होते. रिकाम्या हातांनी. तीन वर्षांत खेळ चालू असताना मी त्यांना कधी नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं. मध्येच उटेने त्यांना हाताला धरून आत आणलं आणि म्हणाली, "नवीन लोकांना मार्ग चालून दाखवायला कुणीतरी हवं." मार्ग त्यांनीच मांडला होता, पावलं मोजून. ते पुढे आणि पंधरा-वीस माणसं मागे, असे चालले. "इथं सांगा. इथं नाही, इथं."

पिक्स धावला. हळू धावला, शेवटच्या उडीला त्याचे मागचे पाय पट्टीला पुसटसे लागले, पट्टी हलली आणि राहिली. पुलाशी आईंचा हातही खालीच राहिला होता. चूक शून्य, वेळ मात्र बरीच. उटे पाचवी आली. यानच्या कुत्रीने पुन्हा वरूनच झेप घेतली आणि आईंनी शाळेतल्या हुशार मुलीसारखा हात सरळ वर केला. यान हसला आणि त्याने आईंना वाकून नमस्कार केला, आपल्यासारखा, कुठून शिकला कोण जाणे. पहिली आली ती पोस्टातून निवृत्त झालेली एक बाई आणि तिचा केसाळ टेरियर. तिने भर टाळ्यांत सांगून टाकलं, की मार्ग-बिर्ग आपल्याला आखता येत नाही, तो उटेने आखावा.

पुढच्या वर्षी उटेने तो आखला. पिक्स तेव्हा छत्रीखाली झोपला होता.

आता त्या कुरणावर दीडशे गाड्या येतात, नाव नोंदवायला हिवाळ्यातच घाई करावी लागते. अडथळ्याशी एक माणूस ही रीत अजून आहे. बाहेरून आलेले परीक्षक हे बघून चक्रावतात. हे असं का, असं नव्या लोकांनी विचारलं की जुने लोक सांगतात. मास्तर समोर असले तर मास्तरच सांगतात, स्वतःची बाजू न घेता.

पण मला आठवतो तो त्या वर्षीचा रविवार. गाड्या निघून गेल्या होत्या, गवतावर त्यांचे चौकोन उरले होते. आई माझ्या गाडीत डुलक्या घेत होत्या. मी पाइप गोळा करत होते आणि मास्तर एका उलट्या टबावर बसले होते.

"एक विचारू?" ते म्हणाले. "शुक्रवारी, यानची कुत्री. ती नेमकी कशी उडाली?"

मी हातातले पाइप खाली ठेवले. "पुलाच्या शेवटी ती थांबलीच नाही," मी म्हटलं. "मागचे पाय फळीवर दाबले, अंग लांब केलं आणि सरळ उन्हात गेली. कान मागे. खाली तिची सावली वेगळीच पळत होती. मग गवतावर आली ती आवाज न करता."

ते ऐकत होते. चेहरा माझ्याकडे नव्हता, थोडा बाजूला होता.

"सुंदर होतं?"

"फार."

"चूक होती, पण सुंदर होतं."

"हो."

त्यांनी मान हलवली. "पुढच्या वर्षी लिहायला दुसरं कुणीतरी बघू," ते म्हणाले. "तुम्ही माझ्या शेजारी बसा. आणि कुत्र्याकडे बघा."

तेव्हापासून दर जुलैत मी तिथे बसते.